आठल्येकाकांचे बोळे

रविवारी सकाळी इंदुरात लोकांच्या पोह्यांवर शेव पडते, जीरावनाचा मसाला पडतो, फार तर डाळिंबाचे दाणे पडतात. आमच्या पोह्यांत फोमचा बोळा पडला. पिवळा, बोटाच्या पेराएवढा, ओला आणि साबणाचा वास मारणारा. नवऱ्याला पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही साताऱ्याहून नुकतेच इथे आलो होतो, आणि तळमजल्याच्या अंगणात बसून नाश्ता करायची हौस माझी. मी वर पाहिलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून एक पितळी भोंगा आमच्यावर रोखलेला होता आणि त्याच्या मागे भरघोस मिशा होत्या.

"खाऊ नका हो तो!" मिशांतून आवाज आला. "वर आणून द्या जरा."

म्हणजे पडला तो आमच्या ताटलीत, आणि जिने चढायचे आम्ही! मी भांडायच्या तयारीनंच वर गेले. दार उघडणाऱ्या काकूंनी माझ्या हातातला बोळा पाहिला, कपाळाला हात लावला आणि न विचारता माझ्यासाठी चहा टाकला. अशा रीतीनं आमचा आठल्यांशी घरोबा झाला.

आठल्येकाका पाणीपुरवठ्याच्या खात्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त झालेले. हातोद, देपालपूर, मानपूर, जिथे म्हणून पाइप जमिनीखाली गेला, तिथे काका त्याच्या मागोमाग गेलेले. पाइपात गाळ साचला की मागून फोमचा मोठा गोळा सारायचा आणि पाण्याच्या जोरानं पुढे ढकलायचा, म्हणजे तो गाळ घेऊन दुसऱ्या तोंडाला निघतो, ही विद्या त्यांनी मला पहिल्याच चहाला शिकवली. मानपूरकडच्या एका पाइपातून नवरदेवाचा अख्खा फेटा निघाला होता म्हणे. तो आत कसा गेला, हे मात्र त्यांना आजतागायत कळलेलं नव्हतं आणि त्याची त्यांना मनापासून चुटपुट होती.

निवृत्तीनंतर ढकलायला पाइप उरला नाही, तेव्हा त्यांनी ट्रम्पेट घेतलं. कारण काकू. काकू देपालपूरच्या. लहानपणी तिथल्या वरातींत पुढे वाजणारं ट्रम्पेट त्यांना फार आवडायचं, असं त्या कधीतरी बोलून गेल्या. काका लगेच बँडवाल्यांच्या गल्लीत जाऊन जुनं ट्रम्पेट घेऊन आले आणि घरी आणून पहिली गोष्ट काय केली, तर त्यात डोळा घालून पाहिलं.

"बाहेरून वाद्य आहे, बेटा," ते मला म्हणाले. "आतून नळीच. आणि नळी म्हटली की माझा मामला."

तेव्हापासून दर रविवारी हा विधी. तोंडाशी लावायचा भाग काढून ठेवायचा, साबणात भिजवलेला बोळा नळीत खुपसायचा, तिन्ही खटके दाबायचे, आणि गाल फुगवून असं फुंकायचं की बोळा सगळी वळणं फिरून फट् करून भोंग्यातून बाहेर. मग तो चिमटीत धरून, चष्मा कपाळावर चढवून, त्यावर मळ किती आला ते पाहायचं. मळ कसला येणार? ट्रम्पेट वाजवलेलं मी एकदाही ऐकलं नव्हतं.

"न वाजवलेल्या ट्रम्पेटात घाण होते कशी, काका?"

"हवा, बेटा. इंदूरची हवा."

"अहो, देशातलं सगळ्यात स्वच्छ शहर ना हे?"

"बाहेरून!" काका विजयी मुद्रेनं म्हणाले. "बाहेरचं सोडा, आतलं बोला."

हे त्यांचं पालुपद. टरबूजवाल्याला हेच, "भिया, बाहर का छोड़ो, अंदर का बोलो." आम्ही नवा फ्रीज आणला, त्याचा रंग सगळ्या कॉलनीनं वाखाणला, काका मागे जाऊन जमिनीवर आडवे पडले आणि नळ्या पाहून आले. कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलगा दिसायला कसा हे न विचारता ते विचारत, "पोट साफ होतं का त्याचं?" लोक त्यांना टाळत. मीही कधी कधी टाळत असे, उगाच मोठेपणा कशाला घेऊ?

दर रविवारी काकू आतून विचारायच्या, "झालं का हो साफ? मग आता एक गाणं वाजवा की."

"हौ हौ. पुढच्या रविवारी नक्की. जरा राहिलंय अजून."

तो पुढचा रविवार काही येत नव्हता.

सुरुवातीला तयार बोळ्यांचं पाकीट पुण्याचा भाचा पाठवायचा. तो कंटाळला. मग काकांची नजर हॉलमधल्या सोफ्यावर गेली. उशीच्या शिलाईतून हात घालून ते आतला फोम कापून काढू लागले. सोफ्याला बाहेरून ओरखडासुद्धा नाही, वर काकूंनी विणलेलं पांढरंशुभ्र आच्छादन. पाहुणा विश्वासानं बसायचा आणि गुडघे हनुवटीला लावून खाली जायचा. काका गंभीरपणे सांगायचे, "मी म्हटलं ना, बाहेरच्यावर जाऊ नये."

वापरलेल्या बोळ्यांवरून एकदा कचरागाडीपाशी महाभारत झालं. गाडीवरच्या ताईनं बोळा पाहून विचारलं, "अंकलजी, ये गीले में जाएगा कि सूखे में?"

"फोम सूखा है," काका म्हणाले, "थूक गीला है."

"तो अलग-अलग करके दो ना."

मागे गाडीचं गाणं वाजतंय, आम्ही सगळे आपापले डबे घेऊन उभे, आणि काका खरोखरच रस्त्यावर बोळा पिळत होते. त्या दिवसापासून त्यांनी बोळे कचऱ्यात देणं बंद केलं. धुवायचे, वाळवायचे आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून ठेवायचे. माझ्या अंगणात पडलेले मी नेऊन द्यायची, तेही त्याच डब्यात जायचे.

सोफ्याच्या ज्या टोकाला काकू बसायच्या, त्या बाजूचा फोम जास्त गेला होता. "या सोफ्यानं पाठ मोडली गं माझी," त्या म्हणायच्या. भाजी निवडताना म्हणायच्या, फोनवर नणंदेला सांगायच्या, उठताना एक हात बरगडीखाली दाबून म्हणायच्या. आम्ही हसायचो. काय करणार, ते होतंच हसण्यासारखं.

"काकू, पुढच्या जन्मी पाइप व्हा," मी एकदा म्हटलं, "म्हणजे काका तुमच्याकडे लक्ष देतील."

"नको बाई! माझ्यात बोळा घालून फुंकतील."

काकाही हसले. "नवीन फोम आणतो ना. मी विचारूनच राहिलो आहे दुकानात." ते काही विचारून राहिले नव्हते. काकू वाळत चालल्या होत्या. आम्ही म्हणायचो, सकाळचं फिरणं मानवलं. सोफ्यावर तक्के आले, तक्क्यांवर उशा आल्या, गरम पाण्याची पिशवी आली. सगळी शिवीगाळ सोफ्याला.

एक दिवस काकूंना चहासुद्धा पोटात ठरेना, तेव्हा मी दोघांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. त्यानं हळू आवाजात सांगितलं की पोटात अगदी मागच्या बाजूला गाठ आहे आणि आता काढता येण्यासारखी राहिलेली नाही. मग म्हणाला, "ये तो काफ़ी दिनों से होगा. पीठ में दर्द नहीं रहता था?"

काकांनी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"रहता था ना, भिया," ते म्हणाले. "पर वो तो सोफ़ा..."

"कौन सा सोफ़ा?" डॉक्टरनं विचारलं.

परतताना काकूच आम्हाला समजावत होत्या, की रस्त्यात सिग्नल फार लागतात हल्ली.

त्या थंडीत काकूंची कॉट हॉलमध्ये गॅलरीच्या दारापाशी आली. एका रविवारी मी मऊ भात घेऊन गेले होते. काका सवयीनं ट्रम्पेट खाली काढत होते. काकू उशीवरून म्हणाल्या, "पुरे झालं ते साफ करणं. आज वाजवा."

काका थांबले. त्यांनी तोंडाचा भाग नीट बसवला, ताठ उभे राहिले आणि फुंकलं. काहीच नाही. पुन्हा फुंकलं. गाल फुगले, मान लाल झाली, डोळ्यांत पाणी आलं. आणि एकदम फट् झालं. मागच्या रविवारचा आत राहून गेलेला बोळा सुटला आणि थेट काकूंच्या पांघरुणावर येऊन पडला.

काकू हसल्या. पाठ धरून, कळ मारत असताना हसल्या. बोळा उचलून त्यांनी उजेडात धरला. "बघा, एकदम साफ निघालाय. आता काय सांगणार?"

काका कॉटच्या कडेला बसले. ट्रम्पेट मांडीवर, आणि मिशा अशा केविलवाण्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

"मला वाजवता येत नाही, निर्मला. शिकायला गेलो होतो एका बँडवाल्याकडे. तो म्हणाला, अंकल, आपकी फूँक पाइप की है, सुर की नहीं."

"ते मला पहिल्याच रविवारी कळलं होतं."

"तर मग दर वेळी विचारायचीस कशाला?"

"तुम्ही हौ हौ म्हणायचात ना," काकू म्हणाल्या. "ते ऐकायला बरं वाटायचं."

संक्रांतीच्या आधीच काकू गेल्या. काकांच्या ट्रम्पेटवरचं एकही गाणं न ऐकता गेल्या. संक्रांत उलटताच आमच्या गल्लीतून इतक्या वराती गेल्या, इतकी ट्रम्पेटं वाजली, की मला खिडकी लावून घ्यावीशी वाटायची.

नंतरच्या रविवारी आमच्या पोह्यांत काही पडेना. अंगणात बसून पोहे खाणं मला असह्य झालं. शेवटी एक दिवस बशी झाकून वर घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं.

हॉलच्या मधोमध काका जमिनीवर बसले होते. सोफ्याची एक उशी त्यांच्या मांडीवर, शिलाई उसवलेली. शेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा, रिकामा. सगळे बोळे त्यांनी त्या उशीत परत भरले होते आणि आता काकूंच्या सुईनं ती शिवत होते. टाके वाकडेतिकडे, जाड दोऱ्याचे. उशी काकूंच्या टोकाला ठेवून त्यांनी तिच्यावर पांढरं आच्छादन घातलं, चारी बाजूंनी ओढून सारखं केलं.

"सोफा धड असता ना, बेटा," ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तर तिला बहाणा मिळाला नसता. मलापण मिळाला नसता. पाठ का दुखते म्हणून विचारावंच लागलं असतं."

"असं काही नसतं, काका."

"असतं. जगभराच्या नळ्या बघत फिरलो मी."

त्यांनी सोफ्याकडे बोट केलं. "बस."

त्या जागी बसायला माझं मन होईना, पण ते वाट पाहत उभे होते. मी बसले. खाली गेले नाही. बोळे मात्र जागोजागी गठ्ठे होऊन खडीसारखे लागत होते.

"कसं आहे?"

"छान आहे."

"नक्की?"

"हो, अगदी मस्त."

काका वाकून माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग फार हळू आवाजात म्हणाले, "दुखलं तर दुखतं म्हणायचं, बेटा. छान म्हणायचं नाही. सोफ्याचंही नाव घ्यायचं नाही."

"टोचतंय, काका," मी म्हटलं. "इथे, डाव्या बाजूला."

"हौ," ते म्हणाले. गुडघे टेकून खाली बसले, आणि आत्ताच घातलेले टाके कात्रीनं उसवण्यासाठी त्यांनी हात पुढे केला. "ऊठ. बघू दे मला आत."