भाटकार हसला तो रविवार

तापमान या विषयात मला कोणी शिकवू नये, असं मी या श्रावणापर्यंत छातीठोकपणे सांगत असे. डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकच्या बादल्या बनवणारा एक कारखाना आहे, तिथे मी मेंटेनन्स सुपरवायझर. दिवसभर काम एकच, प्लास्टिक किती तापलं ते बघायचं. कमी तापलं तर बादलीला भोकं, जास्त तापलं तर कोळसा! घरी चहा उकळी फुटण्याच्या बेतात आहे हे मी बाहेर व्हरांड्यात बसून आवाजावरून सांगतो. विनोदिनी, म्हणजे आमची बायको, याला गुण मानत नाही. पण तो आहे.

आमच्या तनयाला मोपाच्या विमानतळावर नोकरी लागली आणि पहिल्या कमाईतून तिने घरात काय आणावं? सरडा! गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी असलेला, परदेशी जातीचा, रीतसर सरकारी नोंदणी केलेला. काचेची पेटी, वर जाळीचं झाकण, झाकणावर तापणारा दिवा आणि दिव्याखाली एक सपाट दगड. हा गृहस्थ त्या दगडावर पोट टेकून पडून राहायचा आणि कोणी समोरून गेलं की एक डोळा उघडून बघायचा. काम काही नाही, ऊन फुकट, जेवण वेळेवर. विनोदिनीच्या माहेरी केरीला जमीनदाराची, म्हणजे भाटकाराची, बैठक अगदी अशीच असायची म्हणे. म्हणून त्याचं नाव भाटकार पडलं. नाव तिने ठेवलं खरं, पण ती त्याला इतकी घाबरायची की त्या खोलीचा केरसुद्धा मला काढायला लावायची.

तनयाला ट्रेनिंगसाठी हैदराबादला जायचं होतं. मुलीने या आधी कधी त्याला सोडून मुक्काम केला नव्हता. जाण्याआधी तिने मला पेटीसमोर बसवून सगळं समजावलं. दिव्याला थर्मोस्टॅट लावलेला आहे, त्याची बारीक वायर आत दगडाजवळ चिकटवलेली आहे, वायरीच्या टोकाला सेन्सर आहे. तिथे छत्तीस झालं की दिवा आपोआप मंद होतो. या आकड्याला कृपा करून हात लावू नका, असं तिने दोनदा बजावलं.

मला हसू आलं. सेन्सर म्हणजे काय हे मला सांगतेस? अगं, आमच्या कारखान्यात चंदगडचा संतोष आहे. गेल्या वर्षी त्याने साफसफाईसाठी मशीनचा सेन्सर बाहेर काढून बाजूला लटकवला आणि परत घालायला विसरला. सेन्सरला बाहेरची थंड हवा लागतेय, म्हणून मशीन आपलं तापवतंय, तापवतंय! आतलं प्लास्टिक जळून काळं ठिक्कर. संतोष म्हणत होता, "साहेब, एकच मिनिट काढला होता." मी ऐकलं नाही. त्याला आठवडाभर घरी बसवलं आणि सगळ्या कामगारांना गोळा करून भाषण दिलं. मशीनला डोळे नसतात, सेन्सर जिथे ठेवाल तेवढंच त्याला जग दिसतं! हे वाक्य मला इतकं आवडलं की घरी जेवताना मी ते पुष्कळदा ऐकवलं होतं. तनयाला तर पाठच झालं होतं.

ती गेली, आणि दोन दिवस भाटकाराचं आणि माझं उत्तम जमलं. मग रविवार उजाडला.

त्या दुपारी केरीहून विनोदिनीचा भाऊ रामचंद्र सहकुटुंब जेवायला यायचा होता. बेत आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं. मागच्या खेपेला रामचंद्राने बहिणीच्या आंबोळीला चपलेचा तळ म्हटलं होतं, आणि ते तिच्या मनातून गेलेलं नव्हतं. आदल्या दिवशी तिने पीठ वाटून ठेवलं. पण श्रावणातला पाऊस, घरात गारठा. सकाळी झाकण काढून बघते तर पीठ जसंच्या तसं, ढिम्म.

"फुगूंकच ना," ती म्हणाली आणि टोपासमोर खुर्ची घेऊन बसली. तिचा चेहरा मला बघवेना.

मी म्हटलं, तापमानाचा प्रश्न आहे ना? मग घरात माणूस कशाला आहे! टोप उचलला आणि नेऊन ठेवला भाटकाराच्या झाकणावर, दिव्याला अगदी खेटून. अर्धी जाळी टोपाखाली गेली. मग मनात आलं, पिठाला नेमकी किती ऊब मिळतेय हे कसं कळणार? काम करायचं तर काट्यावर करावं. मी सेन्सरची वायर पेटीतून हळूच वर ओढली, टोक धुतलं, पुसलं आणि पिठात सोडलं. आता पीठ छत्तीसवर पोचलं की दिवा आपोआप मंद होणार. पीठ खूश, भाटकार खूश! आकड्याला मी हात लावलाच नाही. मुलीला दिलेला शब्द मी अक्षरशः पाळला, आणि याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला.

टोपभर गार पीठ तापायला किती वेळ लागतो हा हिशेब मला कारखान्यात झोपेतही करता आला असता. घरी तो सुचला नाही. पीठ गार, म्हणून सेन्सर गार, म्हणून दिवा आपला पूर्ण पेटलेला.

मध्ये मी डोकावलो. भाटकार आपला दगड सोडून पेटीच्या पार लांबच्या कोपऱ्यात काचेला चिकटून उभा होता. म्हटलं, पाहुणे येणार म्हणून दाराकडे बघतोय. त्याची दाढी काळीकुट्ट झाली होती. मी विनोदिनीला हाक मारून सांगितलं की तुझ्या भाटकाराने कलप लावलाय. आणि तोंड तर त्याने आ वासून उघडलं होतं. आजवर तो माझ्याकडे बघून असा कधी हसला नव्हता. मला अगदी भरून आलं. मी फोटो काढला, "बघ, बाबांबरोबर किती आनंदात आहे" असं लिहून तनयाला पाठवला, आणि विनोदिनीच्या मदतीला नारळ खवायला गेलो.

तनयाचे वर्ग रविवारीही असत आणि वर्गात तिचा फोन बंद असायचा. तिने जेवणाच्या सुट्टीत फोटो बघितला आणि लगेच फोन केला.

"बाबा, तो हासना," ती म्हणाली. "तो भाजता. दिवो बंद करा आदीं."

मी धावलो. दिवा बंद केला, टोप खाली घेतला, झाकण काढलं. आतली हवा तोंडावर आली ती थेट आमच्या मशीनसारखी. भाटकार हलत नव्हता. मी बर्फ आणायला फ्रीजकडे पळालो, तर फोनवरून तनया ओरडली, बर्फ नको, कोमट पाणी घ्या, पसरट भांड्यात, त्याचं डोकं वर धरा. तिचा आवाज रडवेला झाला होता. शेकडो मैलांवरून ती मला एकेक गोष्ट सांगत होती आणि मी, तापमानातला जाणकार, नवख्या पोरासारखा हो हो म्हणत होतो.

रामचंद्र दारात आला तेव्हा त्याचे भावजी परातीत सरड्याला आंघोळ घालत बसले होते. त्याने पायातले बूटही काढले नाहीत, तसाच वळून गाडीची किल्ली फिरवली आणि आम्हाला म्हापशाच्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. विनोदिनी मागच्या सीटवर होती. ज्या प्राण्याच्या खोलीत ती पाऊल ठेवत नव्हती, त्याला तिने ओल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं आणि सारखं त्याच्या नाकापाशी बोट धरून श्वास बघत होती.

जगला. पाठीवर रुपयाएवढा भाजल्याचा डाग पडला, तो कायमचा राहणार असं डॉक्टरांनी सांगितलं. अजून थोडा वेळ गेला असता तर उपयोग नव्हता, हेही सांगितलं. ते मला सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

आम्ही परत येईपर्यंत रामचंद्राच्या बायकोने आंबोळ्या काढल्या होत्या. पीठ टोपाबाहेर आलं होतं म्हणे! अशा जाळीदार, मऊ आंबोळ्या आमच्या घरात आजवर झाल्या नव्हत्या. रामचंद्राने भरपूर खाल्ल्या आणि बहिणीची तोंड भरून स्तुती केली. तिने ती मान खाली घालून ऐकली.

तनया ट्रेनिंग संपवून आली. बॅग दारातच ठेवून ती आत गेली आणि बराच वेळ त्याच्या पाठीवरून बोट फिरवत बसली. मी मागे उभा होतो. ती मला बोल लावेल म्हणून मी आठवडाभर तयारी केली होती. शेवटी मीच तोंड उघडलं. म्हटलं, "तनू, अगं मी एकच मिनिट..." आणि तिथेच थांबलो. ते वाक्य माझं नव्हतं, संतोषचं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मशीनक दोळे नासतात मू?"

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मी संतोषला बाजूला घेऊन सगळं सांगितलं आणि माफी मागितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, तुमाला किती दिवस घरी बसवलं?"

घरी नाही, बाहेर बसवलं आहे. आता तनया ट्रेनिंगच्या दुसऱ्या भागासाठी पुन्हा हैदराबादला गेली आहे, आणि या वेळी भाटकार विनोदिनीकडे सोपवलेला आहे. ती पेटीत हात घालून ऊब बघते, जनेल, म्हणजे खिडकी, किती उघडायचं ते ठरवते, आणि त्याच्याशी माहेरच्या गप्पा मारते. माझ्याकडे फक्त आंबोळीचं पीठ दिलंय. ते मी घोंगडीत गुंडाळून व्हरांड्यात मांडीवर घेऊन बसतो.

पण मन राहत नाही. दर थोड्या वेळाने मी दाराबाहेरून विचारतो, वायर आत आहे ना? काल असाच विचारायला गेलो, तर आतून आवाज आला.

"वायर भितर आसा आनी तुमी भायर आसात. म्हणून भाटकार बरो आसा."

मी परत येऊन बसलो. पीठ फुगलेलं नव्हतं.