ताराबाईंची तब्येत

“ताराबाईंनी कालपासून काही घेतलेलं नाही,” रंगनाथकाका दारात येऊन म्हणाले, तेव्हा त्यांच्याकडे भाड्यानं राहायला येऊन मला तीनच दिवस झाले होते. घरात कोणी वयस्कर बाई आजारी असाव्यात, असं समजून मी चेहरा गंभीर केला आणि त्यांच्यामागून परसात गेलो. ताराबाई पेरूच्या झाडाखाली उभ्या होत्या. तांबूस पिसं, पिवळे पाय. कोंबडी होती.

पुण्याहून मी हैदराबादला आलो तो कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी. देशाचा बाजार नुकताच जगाला खुला झाला होता. दिलसुखनगरात गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले होते, गच्च्यांवर केबलच्या तबकड्या चढत होत्या. काकांना त्याचं काही नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला, एकटा राहणारा, चातुर्मासात कांदासुद्धा न खाणारा गृहस्थ. शेजारचं कुटुंब घर सोडून गेलं तेव्हा त्यांची ही कोंबडी भिंतीवरून इकडे आली ती राहिलीच. तिची अंडी भांडी घासणारी यादम्मा घेऊन जायची. काका फक्त तब्येत बघायचे.

त्यांनी ताराबाईंची फाईल उघडली होती. ‘सकाळी सात. मिजाज नरम.’ ‘आठ वाजून दहा. दोन पावलं चालल्या, परत आल्या. कारण अज्ञात.’ हे सगळं मला रोज चहाबरोबर वाचून दाखवायचे.

“शिंकल्या, ऐकलं तुम्ही?”

“नाही, काका.”

“तुमचं ध्यानच नसतं, विनायकराव.”

वर्षभर मी हे सोसलं. मग ताराबाई खरोखरच आजारी पडल्या. शेपटी खाली, अंग ताठ उभं, आणि पाय फाकून चालणं. पहिल्या दिवशी काकांनी उष्णतेचं निदान केलं आणि मला बत्तासे आणायला पिटाळलं. दुसऱ्या दिवशी गळ्याखालची पिशवी तुंबली असं ठरलं.

“हात लावून बघा. लिंबाएवढी आहे का संत्र्याएवढी?”

“काका, मला ऑफिस आहे!”

“लिंबाएवढी लिहितो.”

तिसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. ताराबाई भाजीच्या पिशवीत, पिशवी माझ्या मांडीवर. डॉक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं, “ओक्कटेना? एकच आहे?” काका हो म्हणाले. “मग आजच कापून घ्या,” डॉक्टर म्हणाला. येताना काकांनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. मला, खरं सांगतो, जरा बरंच वाटलं.

चौथ्या दिवशी आमच्या आबिड्सच्या ऑफिसात अमेरिकेचे पाहुणे यायचे होते आणि नवा प्रोग्राम मीच चालवून दाखवायचा होता. मी टाय बांधून निघालो तर काका वाटेत उभे. “त्या उठतच नाहीत हो. डोळे मिटून घेतलेत.”

यादम्मानं हातातलं पातेलं ठेवलं, कोंबडीच्या पोटाखाली बोटं घातली आणि एका मिनिटात निकाल दिला. “अंडा अटका है, साब. गरम पानी में बिठाव. नै तो मरती.”

मी कपडे भिजवायला घेतलेला नवा टब आला. काका तेलाची वाटी घेऊन बसले, म्हणून कोंबडी धरायचं काम माझ्याकडे आलं. टाय पाण्यात बुडाला. नऊ वाजले, साडेनऊ वाजले, अंड्याचा पत्ता नाही, आणि माझं डोकं फिरलं.

“काका, पुरे झालं आता! माझी नोकरी जाईल. कोंबडी आहे ही, कोंबडी!”

“हौ,” काका म्हणाले. “कोंबडीच आहे.”

तेल लावलेल्या बोटांनी ते तिचं पोट चोळत राहिले. मग वर न बघताच म्हणाले, “ह्यांना बोलता येत नाही. आमच्या मंडळींना येत होतं. पोटात दुखतंय म्हणून त्यांनी सोमवारी सांगितलं, बुधवारी सांगितलं. मला धरणाचा अहवाल द्यायचा होता. रविवारी बघू, म्हटलं.”

“मग?”

“शनिवारी गेल्या.”

पाणी निवत आलं होतं. मी ताराबाईंना काकांच्या हातात दिलं, आत जाऊन ऑफिसला फोन केला, आज येत नाही म्हणून सांगितलं. साहेब काय काय बोलले ते ऐकून घेतलं. टाय काढून दोरीवर टाकला आणि पाण्याचं दुसरं पातेलं गॅसवर चढवलं.

अंडं साडेअकराला आलं. मऊ कवचाचं, दाबलं तर फुटेल असं. ताराबाईंनी थोडा वेळ दम खाल्ला, मग अंग झाडून आम्हा दोघांना भिजवलं आणि हळूहळू पेरूखाली जाऊन माती उकरायला लागल्या. काका अंडं तळहातावर घेऊन पायरीवर बसले. मी शेजारी बसलो.

“काकूंचं नाव काय होतं?” मी विचारलं. वर्षभर त्यांच्या घरात राहून मला ते माहीत नव्हतं.

“वत्सला,” काका म्हणाले. आणि मग दुपार कलेपर्यंत बोलत राहिले.