विमलमावशी वाक्यं पुरवते

आजारी मावशीची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही रुमाल काढला असेल. ठेवा परत खिशात. आमची विमलमावशी तुम्हाला असं रडू द्यायची नाही. कुठे रडायचं, किती, आणि कुणाकडे तोंड करून, ते आधी सांगायची.

दिल्लीतल्या मराठी मंडळींच्या गणपतीतल्या नाटकांत ती वर्षानुवर्षं प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसून नटांना वाक्यं पुरवायची. नाटकं थांबली, सवय राहिली. समोरचा जरा अडखळला की मावशीने पुढचं वाक्य सोडलंच. पहाडगंजच्या गल्लीतला भाजीवाला हिशेब करताना थांबला, तर ही त्याच्याच थाटात, "बहनजी, आपके लिए धनिया फ्री!" बिचारा देऊन टाकायचा.

मी परभणीचा. दिल्लीजवळ मानेसरला नोकरी लागल्यापासून शनिवार-रविवार मावशीकडे. गेल्या थंडीत तिचा कॅन्सर पसरला. डॉक्टर म्हणाले, बरं करण्याचे उपाय संपले; दुखू नये, श्वास लागू नये, एवढं आपण नक्की करू, आणि ते घरीही होईल. मग एक सिस्टर घरी येऊ लागली. औषधं बघायची, कूस कशी बदलायची ते शिकवायची.

पंचाईत व्हायची भेटायला येणाऱ्यांची. खालच्या मजल्यावरच्या मार्थाकाकू पलंगाशी उभ्या राहिल्या आणि नुसतंच, "विमल... तू..."

मावशी डोळे मिटूनच म्हणाली, "'छान दिसतेस' म्हण. मग 'चहा नको' म्हण. मग बस. चहा येतोय."

काकू खो खो हसल्या, आणि मग मोकळेपणी रडल्या.

फक्त नानांना तिने एक शब्द पुरवला नाही. नाना म्हणजे तिचे यजमान, सरकारी नोकरीतून रिटायर. ते रोज नवा डॉक्टर शोधायचे. "गुरुग्रामला बिल्कुल नवी मशीन आलीय. सोमवारी अ‍ॅडमिट करू." मावशी छताकडे बघत राहायची.

एका दुपारी नाना औषधं आणायला गेले होते. मी विचारलं, "तुला जायचंय का गं?"

"नाही रे. मला इथंच राहायचंय. गल्लीतली भांडणं ऐकत."

"अगं मग सांग ना त्यांना!"

"सांगितलं तर ऐकतील. पण मागे ते राहणार आहेत. जन्मभर म्हणतील, तिचं ऐकलं नसतं तर वाचली असती. 'घरीच राहू' हे त्यांचं त्यांनाच म्हणता यायला हवं." एवढ्यानेच ती दमली. पाणी पाजलं, तर म्हणाली, "जगाच्या नकला करतोस. त्यांची कर. एकदा ऐकू तरी दे."

मी नानांचा वाचायचा चष्मा लावला. हात पाठीमागे. ते त्यांचं खाकरणं. "विमल, चलो, रद्द करतो सोमवारचं. आपण घरीच राहू. तू नि मी."

मावशी हसली नाही. "अजून एकदा," म्हणाली.

मी पुन्हा म्हटलं आणि वळलो. दारात नाना. हातात औषधांची पिशवी.

"काढ तो चष्मा."

मी काढला.

"मस्करी करायची जागा आहे ही? तिच्या उशाशी?" आवाज फाटला त्यांचा. पिशवी कुठे ठेवावी तेच कळेना. शेवटी माझ्या हातात कोंबली. पलंगाच्या कडेला टेकले. मावशी त्यांच्याकडे नुसती बघत थांबली.

"विमे... सोमवारचं... नको जाऊ या ना?"

"नको."

"इथंच राहू."

"हं."

"मला जमेल का गं हे सगळं?"

"जमतंय की. सिस्टरपेक्षा तुम्हीच कूस बरी बदलता."

नाना तिच्या हातावर कपाळ टेकून बसले. मी भिंतीभिंतीने दाराकडे सरकलो.

"थांब, गाढवा!" मान वर न करताच नाना ओरडले. "लग्न झाल्यापासून विमे म्हणतोय मी हिला. विमल म्हणे! आणि इतकं धडाधड बोलतो मी? पुन्हा माझी नक्कल केलीस तर कान उपटून हातात देईन. आता उभा काय राहिलास खांबासारखा? फोन लाव त्या गुरुग्रामच्या डॉक्टरला. येत नाही म्हणून सांग." मी नंबर काढेपर्यंत त्यांनी फोन हिसकावून घेतला. "दे इकडे. तू नको. मी बोलतो."