शुक्रवार दुपारची मागणी

"जगात अशी एकही वस्तू नाही, जिची किंमत गणितानं काढता येत नाही!" अकोल्याच्या जुन्या शहरातल्या घरी चहाचा कप खाली ठेवत मिस्बाहनं जाहीर केलं.

बीएस्सीला संख्याशास्त्रात ती कॉलेजात पहिली आली होती, त्यामुळे असं बोलण्याचा तिला थोडाफार हक्क होता. शिकवण्यांच्या पैशातून तिनं इंटरनेटवरची नऊ नावं विकत घेऊन ठेवली होती. नुसती नावं! ना दुकान, ना माल. मूर्तिजापूर रोडला रिकाम्या शेतात 'प्लॉट विकणे आहे'चे बोर्ड उभे असतात, तशी प्रत्येक नावाखाली पाटी: 'हे नाव विकणे आहे', फोन नंबर आणि दिवसभरात किती जण पाहून गेले त्याचा आकडा. त्यातलं सगळ्यात देखणं नाव मोर्शीसंत्रा डॉट इन.

"याचे अठरा हजार येतील," ती म्हणाली. "अक्षरं कमी तितके गुण जास्त, आणि रोज पाहणारे दुप्पट झाले की किंमत दुप्पट. सूत्र आहे!"

तिचे अब्बा, गुलाम नबी, संत्र्याचे व्यापारी. चाळीस वर्षं मोर्शीकडच्या बागांत गेल्यामुळे घरातही वऱ्हाडीच बोलायचे. बांधावरून एक चक्कर मारायची आणि झाडावरच्या मालाची किंमत सांगायची, हा त्यांचा धंदा. त्यांनी मोबाइल हातभर लांब धरून नावाकडे पाहिलं.

"बारा."

"कसे काढले?"

"पाह्यलं अन् काढले."

मिस्बाहला एमएस्सीसाठी अमरावतीला जायचं होतं. पण त्या वर्षी संत्र्याला भाव नव्हता, पेढीवर मुनीम परवडत नव्हता.

"तुह्या सूत्राचा भाव आला तं जाय अमरावतीले," अब्बा म्हणाले. "नाई आला तं पेढीवर बस."

"पोरीचं शिक्षण हाय का बैल? बोली लावून राहिले!" अम्मी आतून कडाडल्या.

तिसऱ्याच दिवशी फोन आला. मोर्शीचा अश्विन, एका शेतकरी गटाचा सचिव. गटाला शहरांत थेट पेट्या विकायच्या होत्या, त्यासाठी नाव हवं होतं.

"मॅडम, बारा हजार देतो."

नेमके बारा! मिस्बाहला याचा रागच आला. "अठरा."

"मीटिंगमंदी इचारतो."

मीटिंग होईस्तोवर रोजचे पाहणारे सतरावरून चौतीसवर गेले.

"मंजूर मॅडम! अठरा!"

"छत्तीस."

"परवा तं अठरा होते!"

"परवा पाहणारे सतरा होते."

"अठरा आले ना? घे नं माय!" अम्मी हात जोडायच्या बाकी होत्या.

"अम्मी, चढत्या बाजारात कुणी विकतं का?"

पुढच्या आठवड्यात आकडा अडुसष्ट! किंमत बहात्तर हजार! पोहे फुगावेत तशी किंमत फुगत होती.

"त्यातले चार तं मीच व्हय, मॅडम! रोज पाह्यतो, इकलं का नाई म्हणून," अश्विन कळवळला.

मिस्बाहनं प्रामाणिकपणे चार वजा केले. "मग सदुसष्ट हजार सातशे पासष्ट."

"लोक संत्रा रस्त्यावर ओतून राहिले, अन् तुमी नावाचे सदुसष्ट हजार सांगता? अन् वरचे पासष्ट कायचे वो?" फोन कटला.

प्रवेशाच्या मुदतीला एक दिवस उरला तेव्हा तिनं अब्बांसमोर आलेख ठेवला. "बघा, मागणी खरी आहे. फक्त एक गोष्ट कळत नाही. दर शुक्रवारी दुपारी अडीचला असा उंचवटा का येतो?"

"त्यात काय कळाचं? नमाज सुटते."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच सांगतो ना सगळ्याइले! फोन काढा, आपल्या पोरीची बाग पाहा! आता इंटरनेट तं फुकटात हाय." अब्बांचा चेहरा अभिमानानं फुलला. "बाग इकाची असली का मालक आपलेच चार माणसं बागेत फिरवते. खरं गिऱ्हाईक बिचकते अन् घाईनं बोली लावते. मंग आपल्या पोरीसाठी मी माणसं नाई फिरवणार?"

"अब्बा, तुम्ही स्वतः बाग घ्यायला जाता, तेव्हा ती माणसं ओळखता ना?"

"लगेच! खरं गिऱ्हाईक फळाकडं पाह्यते, घरचं माणूस मालकाकडं पाह्यते." मग त्यांनी आलेखाकडे पाहिलं. "काहून? तुहं सूत्र नाई वयखत?"

तिनं अश्विनला फोन लावला. "अठराला देते! बारालाही देते!"

"आता काय करता, मॅडम. आमी 'मोर्शीचीसंत्री' घेतलं. सातशे रुपयात. कोरं करकरीत!"

मिस्बाहनं वही मिटली. "उद्यापासून पेढीवर येते, अब्बा."

"तू? पेढीवर?" अब्बा दचकून उठलेच. "आठ दिवसांत माही पेढी फुकून टाकशील! फीचं मी पाह्यतो. अमरावतीले जाय, अन् घरच्यानं फसवलं तरी फसणार नाई, इतकं शिकून ये!"

अमरावतीच्या होस्टेलवर पहिल्याच शुक्रवारी, पावणेतीनला, तिनं सहज ते पान उघडलं. पाहणारे एकशे एकोणीस! 'आता पुरे' हे लोकांना सांगायला अब्बा विसरले होते. सूत्रानुसार किंमत बरोबर एक लाख सव्वीस हजार.

सगळे घरचेच, हे तिला पक्कं माहीत होतं.

तरी तिनं फोनचा आवाज मोठा करून ठेवला.