फायबर आणि पत्रा

पाहुण्यांची बस यवतमाळच्या वेशीत शिरली होती आणि अनंतरावांच्या हॉलमध्ये कुलर गळत होता. टाकी फायबरची, अंग पत्र्याचं, आणि या दोघांची जिथं गाठ पडते नेमकी तिथली जोड उकलली होती. पाणी सोफ्याखालून निघून देवघराकडे चाललं होतं. अनंतराव हातात पोछा घेऊन त्याच्या मागे मागे जात होते.

"महिनाभर सांगून राहिले, कुलर खोलून पाहा, कुलर खोलून पाहा," मंजुषाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आता बसवा व्याह्यांना पाण्यात!"

व्याही अजून व्हायचे होते, खरी भीती तीच होती. अनंतरावांची मुलगी आभा लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायच्या कामावर होती. कॉलेजातल्या स्वानंदशी तिचं जमलं होतं आणि तो पुण्याची नोकरी सोडून इथं यायला तयार होता. पुण्यातच राहणाऱ्या त्याच्या आईवडिलांना मुलगी पसंत होती, फक्त गाव पसंत नव्हतं. "उन्हाळ्यात तिथं माणसं राहतात तरी कशी?" असं त्याच्या आईने, भैरवीबाईंनी, फोनवर विचारलं, तेव्हा अनंतरावांच्या अंगात आलं. "ऐन उन्हाळ्यातच येऊन पाहा ना!" ते म्हणाले. ही फुशारकी मारल्यापासून त्यांचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. आभा दोन वर्षांपासून एसी घ्या म्हणत होती आणि कुलरची हवा तब्येतीला मानवते, हे अनंतरावांचं ठरलेलं उत्तर होतं. आता सगळी मदार त्या कुलरवर होती.

पाहुणे आधी लॉजवर आंघोळी उरकून मग घरी येणार होते. तेवढ्या वेळात अनंतराव स्कूटर काढून नेमसिंगच्या हार्डवेअरच्या दुकानात पोचले आणि आभाला फोन लावून तो स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला.

"कायले काय चिकटवाचं हाये?" नेमसिंगने विचारलं.

"फायबरले पत्रा. आणि अर्ध्या घंट्यात."

"मंग हे घ्या मळून लावाचं. दगडावानी होते."

"नाही बाबा!" फोनमधून आभा ओरडली. "ते कडक होतं. कुलर थरथरतो, पत्रा तापून फुगतो. संध्याकाळपर्यंत तडकेल."

"हे झटपटवालं?"

"ते पाण्यात सुटेल. सिलिकॉन घ्या बाबा. ते रबरासारखं राहतं, दोन्हीला धरतं. पण बिनवासाचंच घ्या."

"बिनवासाचं सरलं," नेमसिंग म्हणाला. "हे आंबट वासाचं हाये. वाळलं का वास जाते."

"वाळायला एक दिवस लागतो, बाबा! आज कुलर लावायचा नाही!"

"पाहुणे येऊन राहिले ना, आभा."

"मंग पावण्यायले उद्या बोलवा," नेमसिंगने तोडगा काढला.

अनंतरावांनी फोन बंद केला आणि एका नळीच्या जागी दोन घेतल्या.

घरी येऊन त्यांनी मंजुषाताईंच्या नव्या टॉवेलने जोड कोरडी केली आणि सिलिकॉनची बारीक रेघ ओढली. ती त्यांना फार बारीक वाटली, म्हणून जाड ओढली. मग बाहेरून ओढली. मग जिथं गळत नव्हतं तिथंही, न जाणो म्हणून, भरली. दोन्ही नळ्या रिकाम्या झाल्या. पाणी सोडलं, बटण दाबलं, आणि श्वास रोखून ते जमिनीवर पालथे पडून पाहत राहिले. थेंबही पडला नाही. अनंतरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं, तेवढ्यात कुलरने पहिला गार झोत सोडला आणि ते खरोखरच आलं. हॉलभर लोणच्याची बरणी फुटल्यासारखा आंबट वास पसरला.

"मठ्ठा नासला वाटते!" मंजुषाताई आतून किंचाळल्या. काय झालं ते सांगायला अनंतराव धावले, पण पातेलंभर मठ्ठा तोवर मोरीत गेला होता. त्याच वेळी दारावरची बेल वाजली.

स्वानंदचे वडील चारुदत्त भारदस्त गृहस्थ होते. रात्रभराच्या प्रवासाने त्यांचे पाय सुजले होते. दारात बूट काढून ते आत आले आणि मंजुषाताईंनी त्यांना मानाने कुलरच्या अगदी समोर बसवलं. भैरवीबाई त्यांच्या शेजारी टेकल्या, स्वानंद कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. कुलरचा झोत आला. भैरवीबाईंनी नाकाला पदर लावला आणि नवऱ्याच्या मोज्यांकडे पाहिलं. चारुदत्तांनीही मोज्यांकडे पाहिलं आणि हळूच पाय सोफ्याखाली ओढून घेतले.

"छान गार वाटतंय," ते ओशाळून म्हणाले.

"हो ना," अनंतराव कसेबसे म्हणाले.

"जरा पाय धुऊन येऊ का?"

चारुदत्त पाय धुऊन, मोजे खिशात घालून आले. वास तसाच होता, उलट वाढला होता. ते पुन्हा उठले आणि या वेळी त्यांनी साबण मागून घेतला. अनंतरावांना ते पाहवेना. त्यांनी कुलर बंद केला, तर खिडकीतून भट्टीसारखी हवा आत आली आणि भैरवीबाई डोळे मिटून मागे टेकल्या. "नको नको, लावा हो!" म्हणत चारुदत्तांनीच घाईने बटण दाबलं आणि ते तिसऱ्यांदा मोरीकडे गेले.

आभा अर्ध्या दिवसाची सुटी घेऊन कामावरून आली आणि उंबऱ्यातच थबकली. वडिलांना तिने स्वयंपाकघरात ओढलं.

"किती लावलं?"

"दोन नळ्या."

"बाबा! ते बिचारे पायाची सालटं काढून राहिलेत. सांगून टाका ना त्यांना."

"सांगतो ना. आधी होकार तर येऊ दे."

जेवायची पानं मांडली. मंजुषाताई वाढताना प्रत्येक भांडं हुंगून पाहत होत्या, त्यामुळे पाहुणे घास घ्यायला बिचकत होते. शेवटी चारुदत्त अनंतरावांना हात धरून गॅलरीत घेऊन गेले. ते अनवाणी होते आणि फरशी तापली होती, म्हणून बोलताना एकेक पाय उचलत होते.

"खरं सांगा," ते म्हणाले, "तुम्हाला वास येतोय ना?"

"त्याचं असं आहे—"

"माझ्या पायांचा आहे. लग्न झाल्यापासून ही मला मोज्यांवरून बोलते, मी मनावर घेतलं नाही. पण इतका वास? मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय. आणि तुम्ही मात्र चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाहीत!"

अनंतरावांना स्वतःची अतोनात लाज वाटली. खरं बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण आतून भैरवीबाईंचा आवाज आला, "अहो, निघू या का? मला हे ऊन सोसत नाही." पाहुणे "कळवतो" म्हणून गेले. असं मुलीकडच्यांना कशासाठी म्हणतात, हे अनंतरावांना पक्कं ठाऊक होतं.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. वास दुसऱ्याच दिवशी उडाला. जोड अशी धरली की कुलर दणादणा हलला तरी थेंब गळत नव्हता. ते पाहून तर अनंतरावांना जास्तच भरून येई. पुण्याहून फोन आला नाही. शेवटी लग्न मोडायचं तर मोडो, निदान त्या माणसाच्या डोक्यावरचा आळ तरी उतरवू, असं ठरवून त्यांनीच फोन लावला.

"चारुदत्तराव, मला तुम्हाला एक सांगायचंय. तो वास—"

"गेला!" पलीकडून चारुदत्त जवळजवळ नाचतच म्हणाले. "मीच फोन करणार होतो. तुमच्याकडून आल्यापासून पार गेला! बूट काढले की ही उठून जायची, आता शेजारी बसते. तेव्हापासून रोज तीनदा साबणाने पाय धुतो ते आहेच, पण ही म्हणते, हा त्या हवेचाच गुण. तुमच्या मानाने आमची हवा दमट, तुमची कोरडी खणखणीत. स्वानंदला तिथं खुशाल राहू दे म्हणाली. मुहूर्त बघा तुम्ही!"

अनंतराव खाली बसले.

"आणि दर मे महिन्यात आम्ही दोघं तुमच्याकडे येणार. हवापालटाला!" चारुदत्त पुढे म्हणाले. "हं, पण तुम्ही काय सांगत होता?"

आभा समोर उभी होती. तिने हात जोडले होते आणि ती नको, नको म्हणून जोरजोरात मान हलवत होती. अनंतरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हेच, की एक-दोन दिवसांसाठी येऊ नका," ते म्हणाले. "चांगले महिनाभर राहा. हवेचा गुण अंगात पूर्ण उतरायला तेवढा वेळ लागतो."