उजवे हात मोजा

"या खात्यात आता भांडण म्हणून होणार नाही," डबा घेता घेता मुकादमांनी बायकोला सांगितलं. "सगळं मतदानावर. हात वर, मोजले, विषय संपला."

"आणि ज्यांचे हात कमी भरले, त्यांचं काय?"

"ते कमी भरले," मुकादम म्हणाले. यात न कळण्यासारखं काय आहे, तेच त्यांना कळेना.

मुकादम होते लाँड्रीच्या इस्त्री खात्याचे. दवाखान्यांच्या चादरी ढिगाने यायच्या, त्या कडक करून पाठवायच्या. अकरा टेबलं, अकरा माणसं, आणि वही घेऊन फिरणारे बारावे स्वतः मुकादम. वाफ इतकी, की दुपारनंतर समोरच्याचं तोंड दिसायचं नाही, नुसते हात दिसायचे. दर शनिवारी चार वाजता हे बारा जण मतदान करायचे. किटली घेऊन फिरणाऱ्या मावशी तिथेच उभ्या असायच्या, पण त्यांना मत नव्हतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

सुरुवात झकास झाली. पंखा दोनवर की तीनवर, खिडकी उघडी की बंद, सगळं पाच मिनिटांत मिटायला लागलं. मग एका शनिवारी बारा माणसांची तेरा मतं भरली. लांब्या नावाच्या इस्त्रीवाल्याने उत्साहाच्या भरात दोन्ही हात वर केले होते. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. मुकादम मात्र हसले नाहीत, त्यांनी नियम काढला. मत फक्त उजव्या हाताचं. उजवा वर दिसला नाही, तो माणूस गैरहजर. आणि गैरहजर माणसाचं मत बहुमताबरोबर धरायचं, कारण त्या बिचाऱ्याला विचारायला जाणार कुठे?

"साहेब, माझा उजवा वर जात नाही," कोपऱ्यातून डावरी म्हणाली.

ते सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी ती जिन्यावरून पडली, तेव्हापासून तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. डाव्या हाताने ती अशी इस्त्री करायची की खात्यात तिच्या तोडीचं कुणी नव्हतं. त्यासाठी तिचं टेबल तेवढं उलट्या बाजूने लावलेलं असे.

"बाई, मी कुणाला वेगळं काढलंय का?" मुकादम समजुतीने म्हणाले. "नियम सगळ्यांना सारखाच आहे."

पुढच्याच शनिवारी लांब्याने ठराव मांडला की सगळी टेबलं एका दिशेने लावावीत, बघायला बरं दिसतं. वाफेतून अकरा उजवे हात वर आले. कोपऱ्यात एक डावा हात विरोधासाठी ताटकळत उभा राहिला. मुकादमांनी वहीत लिहिलं, "बारा. एकमताने." तो शब्द त्यांना इतका आवडला, की त्याखाली त्यांनी तांबड्या शाईची रेघ ओढली.

टेबल फिरलं आणि डावरीच्या इस्त्रीची वायर वाटेत आडवी आली. दोन दिवसांत तिचं कोपर भाजलं.

"साहेब, या वायरीत कुणीतरी अडकून पडेल."

"शनिवारी मताला टाकू."

शनिवारी तिचं म्हणणं मतदानात पडलंच, आणि एकमताने पडलं. तिचंही मत त्यात होतंच.

इथवर सगळं सरळ होतं. मग चमत्कारिक प्रकार सुरू झाले. तिच्या ॲप्रनच्या खुंटीवर कुणीतरी झाडू अडकवला. मावशींची किटली दहाव्या टेबलावरून सरळ माघारी वळायला लागली. डावरी काही बोलली, तर शेजारची बाई खिडकीकडे बघून म्हणायची, "वारा सुटलाय वाटतं." यात चेष्टा नव्हती, तीच तर गंमत. चेष्टा करणाऱ्याचे डोळे कळतात. इथे कुणाच्या डोळ्यांत काहीच नव्हतं.

एके दुपारी मुकादम कोपऱ्यात गेले आणि जागीच थबकले. दाट वाफेत एक इस्त्री आपली आपण चादरीवरून फिरत होती. डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे. माणूस कुठेच नव्हता. मुकादमांच्या अंगावर सर्रकन काटा आला. ते मागे सरले, वायरीत पाय अडकला, आणि ओल्या फरशीवर सगळा भार उजव्या मनगटावर घेऊन ते आडवे झाले.

"सांगितलं होतं, साहेब," इस्त्रीमागून डावरी म्हणाली, आणि तिनेच त्यांना उठवून बसवलं.

सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं, हात गळ्यात आला. तरी मुकादम शनिवारी हजर. मोजायला लांब्या उभा राहिला. ठराव होता, मुकादमांचं स्टूल आणि वही लांब्याकडे द्यावी.

"विरोध!" मुकादम ओरडले आणि डावा हात वर केला.

लांब्याची नजर त्यांच्यावरून पुढे सरकली. "साहेब आज आलेले दिसत नाहीत," तो हळहळून म्हणाला. "बारा. एकमताने."

मुकादम आणखी दोनदा ओरडले. शेजारच्या बाईने उठून खिडकी लावून घेतली.

मग त्यांच्याही खुंटीवर बादली आली. किटली त्यांच्या छातीतून आरपार गेल्यासारखी पुढे गेली. मुकादमांना भीती वाटली, खरीखुरी भीती, इतकी की चौथ्या दिवशी त्यांनी खिशातला आरसा काढून स्वतःचं तोंड आहे ना ते बघितलं. होतं. पण ते पाहायला एकटी डावरीच होती. घरून आणलेला चहा ती झाकणात अर्धा ओतून त्यांना द्यायची.

"डाव्या हाताने सांडतो, बाई."

"महिनाभर सांडतो. मग सवय होते."

सहा आठवडे ते दोघे त्या कोपऱ्यात एकमेकांशीच बोलले. शेवटच्या आठवड्यात कानावर आलं की डावरीचं टेबल काढून तिथे कपाट ठेवायचा ठराव येतोय. टेबल गेलं, की तिचं कामही गेलं. घरात कमावणारी ती एकटीच.

"प्लास्टर शुक्रवारी निघतंय," मुकादम म्हणाले. "उजव्या हाताचं पहिलं मत तुमचं. भर खात्यात मी बोलणार. शब्द आहे माझा."

डावरीने मान हलवली. त्या दिवशी तिने झाकण काठोकाठ भरलं.

शनिवार उजाडला. चार वाजले. मुकादम तिच्या शेजारीच उभे होते, काय बोलायचं ते रात्रभर घोकून आले होते. लांब्याने ठराव वाचला. "बाजूने कोण?"

वाफेतून उजवे हात वर यायला लागले. एक, दोन, पाच, नऊ. पांढऱ्या धुक्यात नुसते हात, सगळे एकाच बाजूला. मुकादमांना आपलं मनगट हलकं वाटलं, सहा आठवड्यांत वाटलं नव्हतं इतकं हलकं. विरोधाची पाळी अजून यायची होती, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"दहा," लांब्या म्हणाला, आणि थांबला. त्याचा चेहरा उजळला. "अकरा! अहो, मुकादम साहेब! कधी आलात? कुठे होता इतके दिवस?"

सगळे वळले. सगळे हसले. कुणी पाठीवर थाप मारली, कुणी खुंटीवरची बादली काढली. मुकादमांनी वर पाहिलं, तर तो हात त्यांचाच होता. खाली घ्यावा असं त्यांच्या मनात आलंही, पण तेवढ्यात मावशी किटली घेऊन पुढ्यात उभ्या राहिल्या.

"बारा," लांब्याने लिहिलं. "एकमताने."

कोपऱ्यात कुणीतरी काहीतरी बोललं. मुकादमांनी कान दिला, पण वारा सुटला असावा. चहा गरम होता, साखरही बरोबर होती, आणि उजव्या हातातून एक थेंबसुद्धा सांडला नाही.