उजवा डोळा, माझ्या बाजूने

"थेंब मी घालीन," असं मी बायकोला म्हणालो. एवढंच. पुढचं सगळं त्या तीन शब्दांतून निघालं.

माझी बायको घड्याळं दुरुस्त करते. घरात खिडकीशी तिचं टेबल आहे. तिथे उजव्या डोळ्यावर भिंग बसवून ती साखरेच्या कणाएवढा स्क्रू चिमट्याने असा उचलते, की बघणारा श्वास घ्यायला विसरतो. (मला तर न घेण्याचा हुकूमच आहे. मागे एकदा मी तिथे शिंकलो होतो. दोन चाकं आणि एक सेकंदकाटा अजून सापडायचे आहेत.)

वीस वर्षं त्या खिडकीशी काढल्यावर तिला एका मोठ्या दुरुस्ती केंद्राचं बोलावणं आलं. मुख्य कारागिराची जागा होती. शनिवारी सकाळी अकराला परीक्षा, परीक्षकासमोर बसून बंद पडलेलं घड्याळ तासाभरात चालू करून दाखवायचं. ही जागा तिला किती हवी होती, ते ती बोलली नाही. पण त्या आठवड्यात तिने चिमटे तीनदा पुसून ठेवले, यावरून मी ओळखलं.

आणि सोमवारी तिचे दोन्ही डोळे लाल झाले. खाज, पाणी, सूज, सगळं एकदम.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अॅलर्जी आहे. हे थेंब घ्या. दोन्ही डोळ्यांत एकेक, सकाळी आणि संध्याकाळी. आधी हात धुवायचे. बाटलीचं टोक डोळ्याला, पापणीला, बोटाला, कशालाही लागू द्यायचं नाही. थेंब पडला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून ठेवायचा. चोळायचं नाही. दुखायला लागलं किंवा अंधुक दिसत राहिलं, तर लगेच या."

"बाटली किती दिवस चालते?" मी विचारलं.

"उघडल्याची तारीख लिहून ठेवा. महिन्याने उरलं तरी टाकून द्या."

"आणि मलाही एखादा थेंब..."

"बाटली त्यांची आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मी रोज वही लिहितो. घरातला फ्रिज कोणत्या वर्षी घेतला, गळकी तोटी कोणत्या वारी बदलली, हे वाद माझ्या वहीत मिटतात. त्यामुळे थेंबांची जबाबदारी दुसऱ्या कुणाकडे जाणं मला पटण्यासारखंच नव्हतं. मी सात रकान्यांचा तक्ता आखला आणि एक युक्तीही काढली. थेंबानंतर थोडा वेळ धूसर दिसतं. मग दोन्ही डोळे एकदम कशाला अडवायचे? उजव्यात मी घालणार, सकाळी ती उठायच्या आत आणि संध्याकाळी ती सोफ्यावर पडलेली असताना. डाव्यात अर्ध्या तासाने तिने स्वतः घालायचा, वही बघून.

मंगळवारी सकाळी मी हात धुतले, तिच्यासमोर वाकलो, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब सोडला आणि म्हणालो, "उघड." डोळा उघडला, थेंब आत गेला. मी लिहिलं : 'सहा वाजून दोन मिनिटं. उजवा. टोक टेकलं नाही. दाब एक मिनिट चार सेकंद. रुग्णाचं म्हणणं : झालं का?'

संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, मगाशी डाव्यात घातलात ना?"

"उजव्यात."

"मला डाव्यात गार लागलं."

"अर्धवट झोपेत होतीस. वही बघ."

तिने वही बघितली. "तुमच्या वहीत आहे म्हणजे तसंच असेल," म्हणाली, आणि वहीत सांगितल्याप्रमाणे डाव्यात थेंब घालून घेतला. (माझ्या अक्षराला इतका मान आजवर ऑफिसातसुद्धा कुणी दिला नव्हता.)

असे तीन दिवस गेले. शुक्रवारी सकाळी मुलगी कॉलेजला निघता निघता थबकली.

"आई, तुझा एक डोळा जाहिरातीतला आणि दुसरा भांडणातला का दिसतोय?"

खरंच. डावा डोळा धुतल्यासारखा पांढराशुभ्र होता. उजवा, भिंगाचा, टोमॅटोसारखा लाल. मुलीने वही उघडली, वाचली, मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, उजवा हात वर करा."

मी केला. तिनेही तिचा केला. दोन हात दोन वेगळ्या बाजूंना गेले.

"आता कळलं?"

"तुझा हा उजवाच आहे ना नक्की?" मी विचारलं. (वेळ काढायचा होता.)

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, डाव्याला जास्तीचे गेले ते गेले, आता तिथे ठरलेलेच घाला. उजव्याला आजपासून नीट सुरू करा, पण उद्यापर्यंत तो पुरता निवळेल असं नाही.

मला वाटलं, आता बायको बोलेल. मी वही मिटून, खाली बघून उभा राहिलो. तिने सरळ हात धुतले, मान मागे केली, खालची पापणी बोटाने जराशी ओढून उजव्या डोळ्यात एक थेंब टाकला आणि कोपरा दाबून बसली. घड्याळ न बघता बरोबर मिनिटाने हात काढला. मग टेबलाशी गेली, दिवा डावीकडून उजवीकडे घेतला, खुर्ची थोडी तिरकी केली आणि भिंग डाव्या डोळ्यावर बसवलं.

वीस वर्षांची सवय उलटी करायची होती. पहिल्यांदा चिमटा स्क्रूच्या शेजारीच मिटला. दुसऱ्यांदा स्क्रू उडाला. तिसऱ्यांदाही. तिने तो शोधला, ठेवला, पुन्हा उचलला. दुपारपर्यंत तो उडायचा थांबला. चारच्या सुमारास केसासारखी स्प्रिंग जागेवर बसली आणि ते जुनं घड्याळ टिकटिकायला लागलं. तिने ते लगेच पुन्हा खोललं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मी इतकी वर्षं रोजच्या रोज वही लिहितोय, पण चुकलेलं पान फाडायला माझा हात धजत नाही. ही तर चालू झालेलं घड्याळ खोलत होती.

"मी काही मदत करू?" मी दारातून विचारलं.

"करा ना. जरा बाहेर फिरून या."

शनिवारी एक वाजता ती परत आली. मी दारातच होतो.

"झालं," ती म्हणाली. "चाळीस मिनिटांत चाललं. सोमवारपासून यायला सांगितलंय."

ती चपला काढत पुढे सांगू लागली, "परीक्षक म्हणाले, डाव्या डोळ्याने इतकं स्वच्छ काम करताना मी कुणाला पाहिलं नाही. कुणाकडे शिकलात?"

"मग तू काय म्हणालीस?"

"खरं ते सांगितलं. आमच्या ह्यांच्यामुळे."

मी कॉलर सरळ केली. "असं म्हणालीस? परक्या माणसासमोर?"

"हो. तर ते म्हणाले, मग त्यांनाही घेऊन या की, आमच्याकडे आणखी एक जागा आहे."

"मग?"

"मी म्हटलं, नको हो. मला डोळे दोनच आहेत."